'च्च'चे दोन रुपये

माझ्या तोंडून दिवसाला सरासरी तेरा वेळा 'च्च' असा आवाज निघतो, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचे आकडे मला तोंडपाठ आहेत. ते मोजायला लॅब असते. 'च्च' मोजायला आमच्या घरी सौ. आहे, आणि तिचा रिपोर्ट उपाशीपोटी, जेवणानंतर, कधीही तयार असतो.

प्रकरण सुरू झालं राखेच्या बुधवारी. यंदा तो १८ फेब्रुवारीला आला. संध्याकाळच्या उपासनेत पाळकसाहेबांनी बाकाबाकावर कागदाचे कपटे वाटले आणि सांगितलं, की ईस्टरपर्यंतच्या लेंटच्या चाळीस दिवसांत आपण काय सोडणार ते लिहा, घडी घाला आणि थाळीत टाका. आमच्या मंडळीत हे दरवर्षी होतं. कोणी चहा सोडतं, कोणी मालिका सोडतं, तरुण मुलं मोबाइल सोडतात आणि सोडल्याचं मोबाइलवर सगळ्यांना कळवतात. मी गेली तीसेक वर्षं मटण सोडत आलोय. हात सवयीने 'मट' लिहून मोकळा झाला होता, तेवढ्यात शेजारून कुजबुज आली.

"मटण चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बंद केलंय. तेच पुन्हा देवाला काय दाखवताय?"

"मग काय लिहू?"

"राग लिहा."

आता भर उपासनेत, पुढच्या बाकावर खजिनदार आणि मागच्या बाकावर त्यांची वहिनी कान टवकारून बसलेली असताना, माणूस वाद तरी कसा घालणार? मी 'मट' खोडलं. पेन नेमकं तिथेच आटलं. झटकलं, पुन्हा टेकवलं, कागद फाटला. माझ्या तोंडून 'च्च' निघालं.

"हा पहिला," ही म्हणाली.

घरी आल्यावर हिने नाताळच्या नानकटाईचा रिकामा डबा धुऊन पुसून टेबलावर ठेवला. झाकणाला सुरीने चीर पाडली होती. शेजारी एक दोनशे पानी वही. पहिल्या पानावर दरपत्रक: ओरडणं, दहा रुपये. पुटपुटणं, पाच रुपये. अबोला, दिवसाला वीस रुपये. 'च्च', दोन रुपये.

"अबोला सगळ्यात महाग?" मी विचारलं. "मी तर समजत होतो, गप्प बसणं म्हणजे सहनशीलता."

"तुम्ही ओरडता तेव्हा काय बिघडलं ते निदान कळतं. गप्प बसता तेव्हा मला दिवसभर घर शोधत बसावं लागतं."

जमा झालेले पैसे ईस्टरला लेंटच्या पाकिटात घालून अर्पणात द्यायचे, असं ठरलं. ठरलं म्हणजे हिने सांगितलं आणि मी 'च्च' केलं. पहिल्या रात्री डब्यात चार रुपये होते.

मी चौतीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं. त्यामुळे माझा राग हा व्यवसायजन्य आजार आहे, असं माझं म्हणणं. सुताराच्या हाताला घट्टे पडतात, मास्तरच्या कपाळाला आठ्या पडतात. निवृत्त झाल्यावर लाल पेन शाळेत ठेवून आलो, पण डोळे घरी आणले. ते रस्त्याने जाताना पाट्या वाचतात. नगरच्या पाट्या वाचून ज्याला 'च्च' म्हणावंसं वाटत नाही तो एक तर संत असला पाहिजे किंवा त्याला मराठी येत नसलं पाहिजे. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. आमच्या तोंडात अजून नगरच आहे, आणि तोंडाला वळण लागायला किती वेळ लागतो हाच या लेखाचा विषय आहे.)

गुरुवारी सकाळी साडेपाचला नळाला पाणी आलं आणि मोटर चालू करताच गेलं. पहिला 'च्च'. दूधवाल्याने गाईऐवजी म्हशीचं दिलं. दुसरा. वर्तमानपत्राची मधली पुरवणी नव्हती. तिसरा. चष्मा सापडत नव्हता. तो कपाळावर होता. तिथे दोन झाले, एक शोधताना आणि एक सापडल्यावर. पोरांच्या पतंगाचा मांजा अजून तुळशीशेजारच्या पेरूत अडकला होता, फोनवर कोणी बाई मला कर्ज देऊ करत होत्या, आणि मिसळणाच्या डब्यात जिऱ्याच्या वाटीत मोहरी होती. दुपारी जेवायला बसेपर्यंत सतरा. कुठेही मोठं काही घडलं नव्हतं. मला तर वाटत होतं, दिवस चांगला चाललाय.

लहानपणापासून आम्ही ईयोबाची गोष्ट ऐकत आलो. सात हजार मेंढरं, तीन हजार उंट, पाचशे जोड्या बैल, पाचशे गाढवी, सगळं एका दिवसात गेलं आणि मुलंबाळंही गेली, तरी त्याने देवाला बोल लावला नाही. हे वाचून मला नेहमी वाटायचं, वेळ आली तर मीही असाच उभा राहीन. माझी अडचण एवढीच, की माझ्याकडे उंट नाहीत. तीन हजार उंट गेले असते तर मी नक्कीच गंभीर आणि उदात्त झालो असतो. चष्मा गेला की काही केल्या उदात्त होता येत नाही.

पहिल्या आठवड्यातच मला केवायसीसाठी बँकेत जावं लागलं. आधार कार्डावर माझ्या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगात एक 'ए' जास्त आहे, पॅन कार्डावर एक कमी. मधलं योग्य स्पेलिंग फक्त माझ्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आहे आणि तो बँकेला चालत नाही.

"काका, हे दोघं वेगळे दिसतात," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"दोघंही मीच आहे."

"हो, पण सिस्टीम नाही म्हणते."

"मी तुमच्यासमोर उभा आहे ना?"

"ते मला दिसतंय काका. सिस्टीमला नाही दिसत."

ही माझी तिसरी खेप होती. मी एक अक्षर बोललो नाही. दात दातांवर ठेवले, डोळे मिटले आणि मनातल्या मनात तेविसावं स्तोत्र सुरू केलं. हिरव्या कुरणापर्यंत पोचलो असेन, तोच ती मुलगी घाबरून उठली.

"काका, बरं वाटत नाहीये का? चेहरा केवढा लाल झालाय! बसा इथे. पाणी आणू?"

तिने स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. शिपायाला सांगून माझ्यासाठी खुर्ची मागवली. खुर्ची आली ती तिचीच. मग पुढची वीस मिनिटं तिने उभ्याने काम केलं. घरी येऊन मी छाती पुढे काढून सांगितलं, की आज बँकेत एक पैसा झाला नाही. हिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपल्या डब्यातलं काही कोणाला द्यायचंच असेल तर त्या मुलीला द्या. सहनशीलता तिने दाखवली. तुम्ही फक्त लाल झालात."

दर बुधवारी लेंटचा बायबल अभ्यास असतो. त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी गलतीकरांस पत्राचा पाचवा अध्याय घेतला. आत्म्याच्या फळाचे नऊ गुण, त्यात सहनशीलता चौथी. ते म्हणाले, नऊ गुण असले तरी मुळात 'फळ' हा शब्द एकवचनी आहे. मी दचकलो. चौतीस वर्षं पोरांना वचनं शिकवली आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी आपला हे मंडईतलं काम समजून चाललो होतो: प्रीती अर्धा किलो, आनंद पाव किलो, चांगुलपणा घाला थोडा, सहनशीलता राहू द्या, घरी कोणी खात नाही. आता कळलं, अख्खं फळ घ्यायचं किंवा ठेवून द्यायचं.

मग ते जुन्या कराराकडे वळले. हिब्रूत 'अफ' म्हणजे नाक आणि 'अफ' म्हणजेच राग. आणि देव मंदक्रोध आहे असं म्हणायचं असेल तर हिब्रूत जे म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ होतो, 'लांब नाकाचा'.

सगळे हसले. मराठीतही राग नाकावरच राहतो, हे काही कोणाला सांगावं लागलं नाही. उरलेला पाऊण तास ही वचनाकडे न बघता माझ्या नाकाकडे बघत होती. माझं नाक आईच्या वळणावर गेलंय, आखूड आणि बसकं. रागाला तिथे पाय ठेवायला जागा नाही, तो थेट जिभेवर घसरतो, असा मुद्दा मी घरी जाताना मांडला. तो वाया गेला. उलट मुद्दा मांडताना समोरून दिवे न लावता आलेल्या मोटारसायकलवाल्याला उद्देशून जे निघालं, त्याचे दहा लागले.

पहिला रविवार आला तेव्हा मला एक पळवाट सापडली. चाळीस दिवस म्हणतात खरे, पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा, आनंदाचा दिवस. म्हणजे रविवारी डबा बंद! मी हे शास्त्राधारे, बोटांवर मोजून, हिला पटवून दिलं. हिने सगळं मान्य केलं.

"रविवारी मटण चालेल," ती म्हणाली. "राग नाही चालणार."

आणि रविवारीच तर माझा खरा कस लागतो. बाहेरच्या लोकांना वाटतं, हे चर्चमध्ये जातात, तिथे शांती मिळत असेल. मिळते. पण चर्चमध्ये ख्रिस्ती लोकही येतात.

आमची जागा तिसऱ्या बाकावर, भिंतीकडून दुसरी. माझे वडील तिथेच बसायचे. बाकावर कोणाचं नाव लिहिलेलं नाही, हे मला मान्य आहे; पण चाळीस वर्षं बसून लाकडाला जो खोलगटपणा आलाय तो काय दुसऱ्या कोणाच्या आकाराचा आहे? त्या रविवारी तिथे एक पाहुणं कुटुंब बसलं होतं. आम्ही पाचव्या बाकावर गेलो. पाचव्या बाकावरून सगळा ख्रिस्ती धर्म वेगळाच दिसतो. शिवाय तिथे पंखा होता आणि चालू होता. आमच्या तिसऱ्या बाकावरचा पंखा नाताळपासून बंद आहे. पंच कमिटीच्या तीन सभांमध्ये तो विषय निघाला आणि तिन्ही वेळा 'पुढील सभेत घ्यावा' असं ठरलं. सभेला मीही असतो. मला मिनिटांची वही लिहावी लागते, म्हणून 'पुढील सभेत घ्यावा' हे वाक्य मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात तीनदा लिहिलंय.

गीतांसाठी आता प्रोजेक्टर आलाय. पूर्वी प्रत्येकाच्या हातात 'उपासना संगीत' असायचं, मान खाली, आवाज छातीत. आता माना वर आणि डोळे बारीक. पडद्यावर पहिलीच ओळ आली आणि तीत 'क्रुपा' होतं. मी ओठ आवळले. दुसऱ्या कडव्यात 'आशिर्वाद'. मी बाकाची कड धरली. तिसऱ्या कडव्यात 'स्तूती' आली आणि बांध फुटला. तीन 'च्च' एकापाठोपाठ एक, गाण्याच्या ठेक्यात. पेटीवाल्याने वळून बघितलं. त्याला वाटलं, मी टाळ धरलाय.

उपासनेनंतर लॅपटॉपवरच्या मुलाला गाठलं.

"बेटा, 'कृपा' असं लिहितात. क-ला ऋकार."

"सर, पण भाव महत्त्वाचा ना?"

या मुलाला दहावीला मराठीत मीच काठावर पास केलं होतं. त्याच्या आईने घरी येऊन डोळ्यांत पाणी आणलं होतं, आणि मी सहा गुण वाढवले होते. कृपाच केली होती म्हणा ना. आता ती ऋकार गळून माझ्यासमोर आठ फुटी पडद्यावर उभी होती.

तिसऱ्या आठवड्यात मी बचावासाठी पवित्र शास्त्रच बाहेर काढलं. प्रभूनेही मंदिरात सराफांचे चौरंग उलथून टाकले होते, असं मी ठणकावून सांगितलं. ही म्हणाली, "तुम्ही आज काय उलथलंत?" मी चहाचा कप उलथला होता, तोही साखर कमी पडली म्हणून. मग मी मोशेकडे वळलो. एवढा नम्र माणूस, पण लोकांच्या कुरकुरीला वैतागून त्याने खडकावर दोनदा काठी हाणलीच की! "आणि म्हणून वचनदत्त देश त्याला डोंगरावरून नुसता बघावा लागला," ही म्हणाली. "तुम्हाला याच महिन्यात पुण्याला लेकीकडे जायचंय. बघा बुवा."

शेवटचं अस्त्र म्हणून मी टिळक काढले. नगरच्या ख्रिस्ती माणसाला रागाचं समर्थन करायचं असेल तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा आधार नाही. एवढा थोर कवी, एवढा थोर भक्त, आणि स्वभाव केवढा तापट! घरात एकदा भडकले की समोर कोण आहे हे बघायचे नाहीत, आणि शांत झाले की अंगावरचं देऊन टाकायचे. प्रतिभा आणि संताप एकाच चुलीवर शिजतात, असा माझा सिद्धांत.

"टिळक तापट होते हे तुम्हाला कसं कळलं?" हिने विचारलं.

"'स्मृतिचित्रे'त आहे की सगळं."

"लिहिलं कोणी?"

मी गप्प बसलो.

"टिळकांनी रागवून झाल्यावर 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं. तुम्ही रागवून झाल्यावर वामकुक्षी घेता. आणि ते 'ख्रिस्तायन'ही त्यांच्या हातून अर्धंच राहिलं. पुरं कोणी केलं?"

तेही त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीच. टिळक १९१९ साली गेले आणि 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग आला १९३४ साली. टिळक नशीबवान. हिची दोनशे पानी वही मात्र माझ्या हयातीत, जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांना सहज हाताला लागेल अशी पडलेली असते. त्या दिवसापासून मला तिच्याकडे बघताना जरा वेगळंच वाटतं. बाईचं अक्षर सुरेख आहे, निरीक्षण बारीक आहे आणि तारखा एकदम अचूक.

नातवाच्या वाढदिवसाला आम्ही पुण्याला निघालो. नगर ते पुणे एकशेवीस किलोमीटर. त्यातले शंभर दीड-दोन तासांत होतात आणि उरलेल्या वीसमध्ये माणसाचं चारित्र्य घडतं. वाघोलीच्या अलीकडे आम्ही थांबलो ते थांबलोच. पुढे टेम्पो होता. त्याच्या मागे लिहिलं होतं, 'देव तारि त्याला कोण मारि'. पाऊण तास मी त्या दोन ऱ्हस्व वेलांट्यांकडे बघत होतो. टेम्पो पुढे सरकला तर त्या लांब जातील अशी आशा होती, पण मीही त्याच्यामागे तेवढाच सरकत होतो. हॉर्न वाजवला तर तो ओरडण्यात धरायचा की पुटपुटण्यात, यावर गाडीतच वाद झाला. आखूड वाजवला तर पाच, दाबून धरला तर दहा, असा तोडगा निघाला. मी एकदाच, अगदी सौम्यपणे वाजवला. टेम्पोवाला खाली उतरला, माझ्या काचेपाशी आला. मी मनात म्हटलं, आता पन्नास तरी जाणार.

"काका," तो म्हणाला, "अजून तासभर तरी हलत नाही. कलिंगड खाणार का? मागे माल आहे. नाहीतरी उन्हाने खराबच व्हायचाय."

त्याने मुठीने कलिंगड फोडलं. आम्ही बॉनेटवर बसून खाल्लं. त्याने पैसे घेतले नाहीत. वेलांट्यांबद्दल सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण तोंडात कलिंगड होतं, म्हणून वाचलो.

पुण्यात नातवाला डब्याची बातमी आधीच पोचली होती. आठ वर्षांचं पोर. अशा कामात पोरांचा उत्साह काय वर्णावा! केक कापेपर्यंत तो माझ्याशेजारून हलला नाही. फुगा फुटला, माझ्याकडे बघितलं. सरबत सांडलं, माझ्याकडे बघितलं. वरच्या मजल्यावर कोणी भिंतीत ड्रिल मारायला लागलं, तेव्हा तर त्याने हात पुढे करून ठेवला.

"आजोबा, तुम्ही आत्ता मनात रागावलात."

"मनातला दर ठरलेला नाही."

"आजी, मनातले किती?"

हिने विचार केला. "मनातले देवाकडे," ती म्हणाली. "आपण फक्त आवाजाचे घेतो."

त्या मुक्कामात अबोल्याचाही एक दिवस झाला. त्याचं कारण जावयांचा 'आधी निघायला हवं होतं बाबा' हा सल्ला. वीस रुपये. जावयांना आजतागायत ठाऊक नाही की मी बोलत नव्हतो. त्यांना वाटलं, मला झोप येतेय.

पेत्राने प्रभूला विचारलं होतं, भावाला सात वेळा क्षमा केली तर पुरे का? उत्तर मिळालं, सात नव्हे, साताच्या सत्तरपट. ते होतात चारशे नव्वद. २६ मार्चला, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या तीन दिवस आधी, रात्री झोपताना हिने वही मिटली आणि सहज आवाजात सांगितलं, "आज 'च्च' चारशे नव्वद भरले."

"मग उद्यापासून काय?"

"काय असणार? पुढचं पान."

उत्तम शुक्रवार ३ एप्रिलला आला. दुपारी बारा ते तीन उपासना, क्रूसावरचे सात उद्गार, सात वक्ते, प्रत्येकाला पंधरा मिनिटं, मधून मधून गीतं. सातवा वक्ता मी होतो. नगरचं एप्रिलातलं ऊन, भरलेलं चर्च, आणि सव्वा बाराला लाइट गेली. पहिल्या वक्त्याने क्षमेवर बावीस मिनिटं घेतली. दुसऱ्याने चोराच्या पश्चात्तापावर चोवीस. माझं घड्याळ मांडीवर होतं. तिसऱ्या ताई बोलल्या छान, पण 'शेवटचा एकच मुद्दा' त्यांनी चारदा सांगितला. पाचवा उद्गार तहानेचा. वक्त्याने तहानेचं असं काही वर्णन केलं, की दोन बाकांवरची मुलं उठून बाहेर पाणी प्यायला गेली आणि आली नाहीत. सहावा उद्गार सगळं पूर्ण झाल्याचा. त्यावर बोलणारे बंधू काही केल्या पूर्ण होईनात. मी 'च्च' करतो आणि ही रुमालाला गाठ मारते, असं चाललं होतं. वही चर्चमध्ये आणायला पाळकसाहेबांनी मनाई केली होती. सहावे बंधू खाली उतरले तेव्हा तीन वाजायला पाच मिनिटं होती आणि रुमालाला मारायला कोपरा उरला नव्हता.

मी व्यासपीठावर गेलो. वेळेचं भान या विषयावर दोन शब्द बोलावेत असं मनात होतं, पण मोह आवरला. थेट विषयाला हात घातला. सहनशीलतेवर बोललो. शांत, मुद्देसूद, उदाहरणांसह. उदाहरणं थोडी वाढली. एका ठिकाणी समोरच्या शांततेने मला इतकं भरून आलं, की नियोजित नसलेला एक मुद्दा सुचला तोही घेतला. मंडळी अगदी तल्लीन होऊन, डोळे मिटून ऐकत होती.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरून स्पष्ट, खणखणीत आवाज आला.

'च्च.'

सगळ्या चर्चने ऐकला. मी चमकून पाहिलं. भिंतीकडून पहिल्या जागेवर, तोंडावर पदर धरून, ही बसली होती. मांडीवरच्या घड्याळात, जे मी तिच्याकडे देऊन आलो होतो, तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मी अर्धा तास बोललो होतो.

घरी आल्यावर कोणीच काही बोललं नाही. हिने चपला काढल्या, हात-पाय धुतले, पर्स उघडली, दोन रुपयांचं नाणं काढलं आणि डब्यात टाकलं. त्याचा आवाज माझ्या नाण्यांहून जरा वेगळा आला असं मला वाटलं. मी काहीही बोललो नाही. माझ्या सबंध लेंटमधला तो सर्वांत मोठा विजय होता आणि त्याची नोंद वहीत कुठेही नाही.

शनिवारी रात्री डबा उघडला. 'च्च' सहाशे अकरा, रुपये १२२२. ओरडणं चौऱ्याहत्तर वेळा, ७४०. पुटपुटणं एकशे तेवीस, ६१५. अबोल्याचे नऊ दिवस, १८०. अधिक हिचे दोन. एकूण २७५९ रुपये. हिने सुटे देऊन नोटा आणल्या, पाकिटात घातल्या, वर सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं.

ईस्टरच्या उपासनेत सूचनांच्या वेळी खजिनदार उभे राहिले. यंदा लेंटच्या पाकिटांत सर्वांत मोठी रक्कम कोणाची हे सांगताना त्यांचा कंठ दाटून आला. आमच्यात नाव वाचून दाखवायची पद्धत आहे. कापणीच्या सणाच्या लिलावातही एक नारळ पाचशेला घेणाऱ्याचं नाव तीनदा पुकारतात. निवृत्त शिक्षक, पेन्शनवर घर, तरीही आपल्या या बंधूंनी रोज थोडं थोडं बाजूला काढून केवढा हा त्याग केला, असं ते म्हणाले. टाळ्या झाल्या. पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावून साक्ष द्यायला सांगितली. "दोनच मिनिटं हं सर," असंही म्हणाले.

मी माइकसमोर उभा राहिलो. तिसऱ्या बाकावर ही खाली मान घालून हसत होती. तिचे खांदे हलत होते. मी म्हटलं, "हे सगळं माझ्या पत्नीमुळे शक्य झालं," आणि खाली उतरलो. अठरा सेकंद. खजिनदारांची वहिनी डोळे पुसत होती. बाहेर आल्यावर खजिनदारांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, "सर, पुढच्या वर्षीही हेच व्रत घ्याल ना?"

त्या पैशांतून पंख्याचा प्रश्न पंच कमिटीने एकमताने सोडवला. पंखा सत्तावीसशेचा. उरलेल्या एकोणसाठ रुपयांत वायरमनचा आणि आमचा चहा झाला. मिनिटांच्या वहीत 'पुढील सभेत घ्यावा'च्या खाली 'घेतला' असं मी स्वतः लिहिलं. गेल्या रविवारी नवा पंखा तिसऱ्या बाकावर, माझ्या बरोबर डोक्यावर, फिरायला लागला. वारा उत्तम आहे. फक्त दर फेरीला तो एकदा 'च्च' करतो.

शिलाई मशीनच्या तेलाची कुपी कोणाकडे असेल तर कृपया रविवारी उपासनेच्या आधी घेऊन या. शिडीची व्यवस्था केली आहे. मी सांगितलं असं मात्र हिच्यापुढे बोलू नका. डबा अजून टेबलावरच आहे.